शुभांगी, डबा गप्प आहे

शुभांगी,

माय सध्या रोज पहाटे फोन करते आणि एकच विचारते, "वनिता, जाऊ का?"

मोहफुलं पडायला लागली आहेत. उशीर झाला की गुरं खातात, रानडुकरं खातात, आणि ऊन चढलं की उरलेली फुलं मातीला चिकटतात. म्हणून उजाडता उजाडता झाडाखाली पोचावं लागतं, आणि वाघही त्याच सुमाराला नाल्यावरून परततो. माय विचारते तेव्हा तिला एका शब्दाचं उत्तर हवं असतं. मी इथे चंद्रपूरला होस्टेलच्या पायरीवर फोन कानाला लावून उभी असते आणि शुभांगीने काय सांगितलं असतं, असा विचार करते. मग आठवतं की आपलं भांडण नेमकं त्यावरच चाललं होतं, आणि ते अर्धं राहिलं.

विभागात तुझी शोकसभा झाली. तुझे मार्क, तुझी चिकाटी, तुझं हसणं, सगळं सांगून झालं. सरांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. तुझ्याविषयी चारचौघांत कसं बोलायचं ते मला येत नाही. तुझ्याशी बोलता येतं, तेही वाद घालताना जास्त बरं. म्हणून लिहिते. हे विभागाच्या अंकात छापणार आहेत, त्यामुळे तुला माहीत असलेल्या गोष्टीही मध्येमध्ये सांगाव्या लागतील. तू जांभई देशील. दे.

पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये ओळख करून देताना मी गावाआधी तालुका सांगितला आणि तू मागून म्हणालीस, "ए धानोरा, तुझा स्क्रू उलटा फिरून राह्यला." तेव्हापासून मी धानोरा आणि तू टाउनशिप. तुझं घर ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये, तुझे बाबा वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये. पहिल्यांदा तुझ्याकडे जेवायला आले तेव्हा काकूंनी कोथिंबिरीची सांबारवडी केली होती आणि मी वडीपेक्षा पंख्याकडेच जास्त बघत होते. तो एकदाही हळू झाला नाही. आमच्याकडे लाइट आहे हे घरी आलेल्या माणसाला आवर्जून सांगावं लागतं. तू म्हणालीस, "काय पाहून राह्यली? पंखाच आहे तो." मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली आहे. इथल्या बऱ्याच गोष्टींकडे मी त्या पंख्याकडे पाहिलं तशीच पाहत होते, आणि तू एकटीच होतीस जी मला त्यावरून उघडपणे चिडवायची. बाकीचे नुसते बघायचे.

मागच्या वर्षी मोहाच्या दिवसांत तू आमच्या गावी आलीस. त्याच्या थोडं आधी शेजारच्या गावातली एक बाई फुलं वेचताना वाघाने नेली होती. ओणवं बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही, असं लोक म्हणतात. माय आणि बाकीच्या बाया तरी जात होत्या. प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात. आपलं झाड सोडून माणूस जाईल कुठे?

तू माझ्यासोबत टोपली घेऊन बसलीस. थोड्या थोड्या वेळाने कोणीतरी ओरडायचं, "ओ बाई!" आणि लांबच्या झाडाखालून उत्तर यायचं, "ओ!" मग पुढच्या झाडाकडे हाक जायची. तू मायला विचारलंस, "काकू, काही झालं का? काऊन बोलावून राह्यल्या?"

"काई नाई झालं."

"मग?"

"ओ आला म्हणजे बाई हाये. नाई आला तं धावा." मायने इतकंच सांगितलं आणि फुलं वेचत राहिली.

मी जन्मापासून त्या हाका ऐकत होते. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. तू मात्र टोपली बाजूला ठेवून बराच वेळ नुसती ऐकत बसलीस. उठलीस तेव्हा भेलकांडलीस. मायने तुझा हात धरला, डोळ्यांकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "पोरीले सिकल हाये का?" आमच्याकडे दर काही घरांआड सिकलसेलचा आजार आहे, मायला ओळखायला तपासणीचं कार्ड लागत नाही. तीन वर्षं सोबत राहून तू मला सांगितलं नव्हतंस. मायसमोर मात्र हसून म्हणालीस, "हो काकू. मी झोपली तरी माझी बॅटरी उतरतच राह्यते."

पुढे आपल्या प्रोजेक्टचं सगळं भांडण याच वाक्यातून निघालं.

प्रोजेक्टसाठी आपण बनवला तो वाघाची खबर देणारा डबा तसा साधा होता. नाल्याच्या वाटेवर झाडाला बांधायचा. समोरून मोठं, गरम अंगाचं काही गेलं की सेन्सर आतल्या चिपला उठवणार, चिप रेडिओवरून गावाला कळवणार आणि अंगणवाडीच्या भिंतीवरचा लाल दिवा लागणार. लाल दिसला की त्या सकाळी बायांनी थांबायचं. बाकी सगळा वेळ चिप झोपलेली. रानात वीज नाही, म्हणून बॅटरी, आणि ती एका भरण्यात सगळा हंगाम टिकायला हवी.

मी नवी चिप निवडली, अगदी बारीक ट्रान्झिस्टरांची. कमी व्होल्टेजवर चालते आणि काम चटकन उरकते. काम करताना लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, हे आपण दोघींनी परीक्षेत लिहिलं होतं. मी खूश होते. तू डेटाशीट हातात घेतलंस, शेवटची पानं उलटलीस आणि म्हणालीस, "धानोरा, ही काम करताना किती खाते ते तू पाहिलं. झोपेत किती खाते?"

"झोपेत काय खाणार? बंद असते."

"बंद असते म्हणजे किती बंद?"

मला ते समजायला वेळ लागला. समजलं ते धानाच्या बांधीमुळे. बांधीची पाळ, म्हणजे शेताचा बांध, रुंद असली की पाणी अडतं. जागा वाचवायला पाळ बारीक केली की पाणी तोंड बंद असूनही पाझरतं. ट्रान्झिस्टर लहान लहान करत गेले तशी त्यांची पाळ बारीक झाली. त्यात व्होल्टेज कमी केलं, म्हणून कमी जोरातही पाण्याचं दार पटकन उघडावं यासाठी दार हलकं करावं लागलं, आणि हलकं दार घट्ट बसत नाही. एकाचा पाझर काहीच नसतो. पण चिपमध्ये असे लाखो असतात आणि ते दिवसरात्र पाझरतात. शिवाय उष्णता वाढली की पाझर भराभर वाढतो. तू हे सगळं मला शिकवलंस असं मी म्हणणार नाही, कारण तू शिकवत नव्हतीस, टोमणे मारत होतीस. "तुझी चिप लय मेहनती आहे गं, पण घरी बसून जास्त खाते. आमच्या मामासारखी."

मग तू तुझी चिप काढलीस. जुनी, मोठ्या ट्रान्झिस्टरांची, संथ. तिला व्होल्टेज जास्त लागायचं, कामालाही जास्त वीज खायची, पण झोपली की जवळजवळ मेल्यासारखी झोपायची. "गावासाठी हीच बरी," तू म्हणालीस.

ते वाक्य मला लागलं. मी काय बोलले ते इथे जसंच्या तसं लिहिते, कारण तूही ते विसरली नव्हतीस. मी म्हटलं, "हो, गावाले जुनंच पुरते ना? तुम्हा टाउनशिपवाल्यांचं ठरलेलंच आहे." आणि मग थांबताच आलं नाही. शाळेचा ड्रेस कोणाचा तरी उतरलेला, पुस्तकं वापरलेली, सायकल वापरलेली, गावात आलेला पहिला टीव्हीसुद्धा कुठून तरी काढून टाकलेला. एकदा तरी आमच्या रानात नवी वस्तू जाऊ दे.

लॅबमध्ये सगळे बघत होते. तू शांतपणे वायरी गुंडाळल्यास आणि जाता जाता म्हणालीस, "जुनी म्हणजे उष्टी नाही होत. वडस्याच्या बाजारात जुना तांदूळ महाग काऊन विकते, जाऊन विचार."

त्यानंतर आपण काही दिवस फक्त सोल्डरिंग गन मागण्यापुरतं बोललो. डब्यात माझीच चिप गेली. सरांनाही नवीच आवडली होती, परीक्षक काय म्हणतील याची त्यांनाही काळजी होती. आणि खोटं कशाला बोलू, खोलीतल्या थंड हवेत मोजलं तेव्हा माझा हिशेब बरोबर येत होता.

भांडण तू तुझ्या पद्धतीने मिटवलंस. हिवाळ्यात मे महिन्याचं ऊन कुठून आणायचं? तू डबा प्लास्टिकच्या पिशवीत बांधलास आणि मेसमध्ये भाताच्या मोठ्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, झाकणावर नेऊन ठेवलास. बाहेर लोंबणाऱ्या वायरींना मीटर. मेसचे भाऊ धावत आले.

"ओ मॅडम! हे का ठेवलं? भातात करंट येईन ना!"

"भाऊ, येत नाही. उलट जाऊन राह्यला."

"कुठी जाऊन राह्यला?"

"तेच पाहून राह्यलो आम्ही."

भाताला वाफ धरत गेली तसा मीटरवरचा आकडा चढत गेला. तू फक्त माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, रान म्हणजे भाताचा गंज नाही, झाडाखाली सावली असते. तू म्हणालीस, पानगळ झाल्यावर मोहाला सावली किती राहते ते मला काय विचारतेस. आपण दोघी तिथेच हसलो. पण मी चिप बदलली नाही, आणि हंगामाआधी चाचणी म्हणून तोच डबा गावात नेऊन नाल्याच्या वाटेवर बांधला.

त्या वेळी तू सोबत यायला निघाली होतीस. थंडीने सांधे धरले म्हणून काकूंनी सोडलं नाही. मग तू दवाखान्यात गेलीस. आधीही जायचीस, दोन-चार दिवसांत परत यायचीस आणि सलाईनची जागा दाखवून म्हणायचीस, "चार्जिंग झालं." म्हणून मी घाबरले नाही.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तुझा श्वास लागत होता, तरी तू तब्येतीचं विचारू दिलं नाहीस. "ऐक. आपण नियमच उलटा लावला आहे," तू म्हणालीस. "लाल लागला तर थांबा, नाही लागला तर जा. पण डबा मेला तरी लाल लागत नाही. वाघ नाही तरी लागत नाही. काकूंना दोन्ही सारखंच दिसते."

फुलं पडायला तेव्हा अवकाश होता, तोवर नियम बदलू, असं मी धरलं.

"तुझ्या गावच्या बायांसारखं कर," तू म्हणालीस. "डब्याने मधून मधून ओ द्यायचा. ओ आला तर हिरवा दिवा. काहीच नाही आलं तर जायचं नाही. अंधार म्हणजे नको."

मी तरी वाद घातला. प्रत्येक ओ द्यायला रेडिओ चालू करावा लागेल, त्याला वीज लागेल, तेवढी बॅटरी कुठून आणू? तू म्हणालीस, झोपेत वाया जाते ती वाचव, त्यातून बोलेल. म्हणजे तुझी चिप. मी म्हटलं, आणि दिवसभर वानरं आणि गुरं समोरून गेली आणि चिप सारखी उठत राहिली तर? तेव्हा तुझी म्हातारी दमेल, माझीच टिकेल. यावर तुझ्याकडे उत्तर होतं. मला ऐकू आलं की तू बोलायला सुरुवात केलीस. मग खोकला आला, मागे काकूंचा आवाज आला, आणि तू म्हणालीस, "थांब, उद्या भांडू."

ते उत्तर काय होतं, शुभांगी? मी किती प्रकारे बेरीज-वजाबाकी करून पाहिली. झोपेचा पाझर माझ्या चिपला मारतो, कामाचा भार तुझ्या चिपला. रानात कोण किती वेळा उठवेल त्यावर सगळं ठरतं, आणि ते रानालाच माहीत. तुझ्याकडे यापुढचं काहीतरी होतं. मला ते सापडत नाही.

तू गेल्यावर कॉलेजला सुट्टी होती. तुमच्या क्वार्टरसमोर कंपनीची बस उभी होती आणि तुझ्या बाबांचे सोबती ड्यूटीच्या कपड्यांतच आले होते. मी काकूंजवळ बसले होते तेव्हा मायचा फोन आला. मी बाहेर जाऊन घेतला.

"वनिता, फुलं लागली पडाले. दिवा बंदच हाये. म्हणजे बरं हाये ना? आम्ही जाऊन राह्यलो रोज."

रोज. मी विचारलं, दिवा लाल झालेला शेवटचा कधी पाहिला? मायला आठवेना. पहिले काही दिवस होत होता म्हणाली, गुरं गेली तरी व्हायचा. मग कमी झाला. मग झालाच नाही. बायांना बरं वाटलं. वाघ दुसऱ्या रानात गेला असेल, असं त्यांनी धरलं. आणि त्यापुढे मायने सहज सांगितलं की दिवा आहे म्हणून आता कोणी फार हाका मारत नाही, जी ती आपापल्या सोईने जाते.

मी तिला ओरडून सांगितलं, उद्या जाऊ नका. तुमच्या दारात उभी राहून मी ओरडत होते आणि आतून लोक बघायला आले. तुझे बाबाही आले.

दुसऱ्या दिवशी मिळेल त्या बसने गडचिरोली, तिथून धानोरा, पुढे एका ओळखीच्या भावाच्या मोटारसायकलवर गाव. सगळ्या वाटेत मला एकच भीती होती की मी पोचायच्या आधी तिथली बातमी मला गाठेल. मोबाइलला रेंज येत-जात होती. रेंज आली की मी मायला फोन लावायचे, लागायच्या आत ती जायची.

माय घरी होती. तिला पाहून मी आधी तिच्यावरच चिडले. मग डब्याकडे गेलो. लांबून तो दिसलाच नाही. मायने त्याला काळं मेणकापड गुंडाळून सुतळीने गच्च बांधलं होतं, फक्त सेन्सरपुरतं भोक ठेवून. "वांदरं ओढत होते ना त्याले. चकचक दिसते तं ओढते. काळ्याले हात नाई लावत." माझ्या वस्तूला वानरांनी तोडू नये म्हणून तिने घरातलं एकुलतं एक चांगलं मेणकापड फाडलं होतं. फुलं दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा नेहमीसारखा जाळलेला, जमीन काळी, झाडावर एक पान नाही. दुपारचं ऊन थेट त्या काळ्या कापडावर. मी हात लावला आणि मागे घेतला. डबा भाताच्या गंजापेक्षा गरम होता.

बॅटरी पूर्ण उतरली होती. कधी उतरली ते कळायला मार्ग नव्हता. त्या बंद डब्याच्या भरवशावर माय किती सकाळी एकटी या वाटेने गेली, तेही कळायला मार्ग नव्हता. काही झालं नाही, एवढंच. नाल्याच्या ओल्या वाळूत पंजे होते. ताजे की शिळे, मायने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी तिथेच खाली बसले. तुझ्यासाठी तोवर मी रडले नव्हते. काकूंसमोर रडवलं नाही. तिथे रडले, आणि मायला वाटलं मी डब्यासाठी रडते. ती म्हणाली, "जाऊ दे, दुसरा बनवजो." तिला सांगू शकले असते. पण मलाही त्या क्षणी नक्की कशासाठी ते माहीत नव्हतं.

परतल्यावर मी तुमच्याकडे आले. काकूंनी तुझं टेबल आवरलं नव्हतं. तुझ्या चिप बडीशेपच्या डबीत होत्या. बाबा ड्यूटीवरून आले तेव्हा मी त्या हातात घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "या तिच्याच ना? दवाखान्यात पण यांचंच बोलत होती. चालतील का?"

मला हो म्हणायचं होतं. तुझ्या बाबांना त्या वेळी हो ऐकायचं असेल, हे मलाही कळत होतं. पण तुझ्या घरात बसून तुझ्याच चिपबद्दल न मोजता कसं सांगू? मी म्हटलं, "काका, माहीत नाही. उन्हात लावल्याशिवाय कळणार नाही."

ते थोडं हसले. "तिने पण हेच सांगितलं असतं," म्हणाले आणि डबी माझ्याकडे सरकवली.

आता डब्यात तुझी चिप आहे. वर पांढरा रंग दिला, मायला मेणकापड परत केलं आणि वानरांसाठी भोवती बोराटीचे काटे बांधले. डबा ठरलेल्या वेळाने ओ देतो. पहाटे हिरवा असेल तर जायचं, लाल असेल तर थांबायचं, अंधार असेल तरी थांबायचं. हे मी अंगणवाडीसमोर बायांना सांगितलं तेव्हा काय झालं ते तुला ऐकायला आवडलं असतं. त्यांच्यातल्या सकुबाईने कमरेवर हात ठेवले.

"आंधी म्हने लाल लागला तं जाऊ नोका. आता म्हनते काईच नाई लागलं तरी जाऊ नोका. मंग आमी मोहा वेचावं का दिवे मोजत बसावं?"

सगळ्या हसल्या. मी लाजले, पण मागे हटले नाही. मी म्हटलं, "सकुबाई, तुम्ही ओ बाई म्हटलं आणि उत्तर नाही आलं, तर तुम्ही काय समजता? झोपली असेल म्हणता का?"

सकुबाईने कमरेवरचे हात काढले. मग म्हणाली, "कोनं शिकवलं तुले हे?"

मी तुझं नाव सांगितलं. मागच्या वर्षी आलेली, भेलकांडलेली ती पोट्टी, असं मायने समजावलं. तू गेलीस हे त्यांना माहीत नव्हतं, तेही मायनेच सांगितलं. सकुबाईने पदर डोक्यावर घेतला आणि जराशाने एवढंच म्हणाली, "मंग आयकावं लागन." मी हेही सांगितलं की हिरवा दिसला तरी हाका सोडायच्या नाहीत. त्यावर ती म्हणाली, ते तुझ्या बापाच्या आधीपासून करून राह्यलो.

तरी, टाउनशिप, मी पूर्ण हरलेली नाही. वानरांचं माझं म्हणणं अजून खरं आहे. तुझी चिप दर उठण्याला जास्त खाते आणि आमच्याकडे वानरं कमी नाहीत. उन्हाने माझी मेली, वर्दळीने तुझी मरू शकते. मे महिन्यात तेंदूपानाचे दिवस संपेपर्यंत हे कळणार नाही. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं की नवी चिप काऊन सोडली, तर मी पाझराचं सांगेन, भाताच्या गंजाचंही सांगेन. ते हसतील. आणि तुला माझी चिप चुकीची वाटत होती, पण माझं दुखणं चुकीचं वाटत नव्हतं, हे मला कुठेतरी कळलं होतं. जुन्या तांदळाचं बोलून तू निघून गेलीस त्या दिवशी संध्याकाळी माझ्या पलंगावर तू वेफर्सचा पुडा ठेवून गेली होतीस. मी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. तूही नाही. इतकं कसं राहून गेलं?

हिरवा दिसला तरी माय मला विचारूनच निघते. आज पहाटे फोन आला तो नेहमीपेक्षा लवकर. मायने "जाऊ का" विचारलं नाही.

"वनिता, दिवाच नाई लागला. हिरवा नाई, लाल नाई. काईच नाई."

माझ्या हातून काही तुटलं असेल, वायर सुटली असेल, वानराने काटे ओलांडले असतील, बॅटरी उतरली असेल, काहीही असेल. आणि नाल्यावर काही असेलही, नसेलही. मी म्हटलं, "माय, जाऊ नको."

"फुलं लय पडले असन आज. रात्री वारा होता."

"माय."

"सकुबाई दारात उभी हाये टोपली घेऊन."

तिकडे माय कोणाशी तरी बोलत होती, आवाज चढले, कोणीतरी शिवी दिली, ती बहुतेक मलाच होती. मग पावलं लांब जाताना ऐकू आली. रानाकडे की घराकडे ते कळेना.

"गेल्या," माय म्हणाली.

"कुठी?"

"घरी गेल्या, कुठी जातीन? अंधार म्हणजे नको म्हणलं ना तू." तिच्या आवाजात राग होता. एका सकाळची फुलं म्हणजे काय ते मला माहीत आहे, तुलाही माहीत होतं. मी दुपारच्या बसने येते, डबा पाहते, असं मी म्हटलं. ती हूं म्हणाली. फोन ठेवायच्या आधी तिचा आवाज निवळला.

"आजचे फुलं राहू दे तिथीच. तुह्या मैतरणीच्या नावानं सोडले म्हण."